जुनाट आजारात मनाचीही तपासणी हवी



मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा, सांधेदुखी हे आजार आता शहरापुरते राहिलेले नाहीत. वाडी-वस्तीवरही घरटी एखादा माणूस रोज गोळी घेणारा आढळतो. हे आजार एकदा जडले की बहुधा जन्मभर सोबत राहतात. औषध, पथ्य आणि चालणे या तीन गोष्टी नियमित ठेवल्या तर असा रुग्ण शेतीची कामे करीत वर्षानुवर्षे चांगले आयुष्य जगू शकतो. तरीही पुष्कळांची साखर किंवा रक्तदाब काही केल्या आटोक्यात येत नाही. गोळी बदलते, मात्रा वाढते, डॉक्टरही बदलले जातात. आकडा मात्र खाली येत नाही. अशा वेळी अनेकदा एक गोष्ट तपासायची राहून गेलेली असते. ती म्हणजे रुग्णाचे मन.

एक उदाहरण घेऊ. समजा, पन्नाशीच्या एका कापूस उत्पादकाला आठ वर्षांपासून मधुमेह आहे. दोन हंगाम हातचे गेले, सोसायटीचे कर्ज थकले आणि मुलीचे लग्न तोंडावर आले. रात्री दोनला जाग येते ती पुन्हा झोप लागत नाही. सकाळी अंगात त्राण नसते. फिरायला जाणे बंद झाले, तंबाखू वाढली, गोळी कधी घेतली तर कधी राहिली. दवाखान्यात ते सांगतात, "डॉक्टर, फार थकवा येतो, पाय जळजळतात." डॉक्टर साखर तपासतात. ती २८० निघते. गोळी वाढवून दिली जाते. परंतु आधीचीच गोळी पोटात जात नसेल, तर वाढवलेल्या गोळीचा उपयोग काय? मुळाला बुरशी लागून झाड सुकत असताना वरून खताची फवारणी करावी, तसा हा प्रकार आहे.

शरीर आणि मन यांचे नाते

मनाचा आणि जुनाट आजाराचा संबंध दोन्ही बाजूंनी असतो.

(१) आजारामुळे मन खचते. रोजची गोळी, पथ्य, तपासणीचा खर्च, सतत दुखणारा गुडघा आणि पूर्वीसारखे काम होत नाही ही बोचणी यांमुळे माणूस आतून थकतो. मधुमेह असलेल्या लोकांत उदासीनतेचा आजार इतरांच्या तुलनेत सुमारे दुप्पट आढळतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांतही तो बराच दिसतो.

(२) मन खचल्यामुळे आजार बळावतो. सततच्या ताणाने शरीरात काही संप्रेरके जास्त स्रवतात. त्यामुळे रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढतो. त्यातच उदास माणूस गोळी विसरतो, जेवणाची वेळ चुकवतो, हिंडणे-फिरणे सोडतो आणि दारू-तंबाखूकडे वळतो.

अशा रीतीने एक दुष्टचक्र तयार होते. ते तोडावयाचे असेल तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी उपचार करावे लागतात. केवळ साखरेचा किंवा केवळ मनाचा उपचार अपुरा पडतो.

उदासीनता कशी ओळखावी?

पीक गेले, घरात दुःखद घटना घडली तर वाईट वाटणे स्वाभाविक आहे. तो आजार नव्हे. परंतु मनाची ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ, जवळजवळ रोज टिकली आणि त्यामुळे कामावर परिणाम होऊ लागला, तर तिला आजार समजून तपासणी करून घ्यावी. यासाठी डॉक्टर मंडळी जगभर दोन सोपे प्रश्न वापरतात. ते आपण घरीही स्वतःला विचारू शकता.

गेल्या दोन आठवड्यांत,

प्रश्न १ : कामात किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नाही, असे किती वेळा झाले?

प्रश्न २ : उदास, निराश वाटले, आता काही खरे नाही असे वाटले, असे किती वेळा झाले?

प्रत्येक प्रश्नाला पुढीलप्रमाणे गुण द्यावेत :
मुळीच नाही – ०
काही दिवस – १
निम्म्याहून अधिक दिवस – २
जवळजवळ रोज – ३

दोन्ही प्रश्नांचे गुण मिळून ३ किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टरांना जरूर सांगावे. ३ गुण आले म्हणजे आजार झालाच असे नाही. माती परीक्षणाला नमुना पाठवण्याची वेळ आली आहे, एवढाच त्याचा अर्थ. पक्के निदान डॉक्टरच करतील.

आपल्याकडे "मी उदास आहे" असे कोणी सहसा म्हणत नाही. डोके जड होणे, छातीत धडधडणे, अंग मोडून येणे, पोटात गोळा येणे, भूक मरणे, झोप उडणे अशा तक्रारी पुढे येतात. पुरुषांत चिडचिड आणि दारू वाढते. स्त्रिया घरचे, गोठ्याचे आणि रानातले काम ओढत राहतात आणि "कंबर दुखते" एवढेच सांगतात. म्हणून शरीराच्या तक्रारी अनेक असूनही तपासणीत काही सापडत नसेल, तर मनाची विचारपूस आवश्यक ठरते.

गल्लत कोठे होते?

काही लक्षणे शरीराची आणि मनाची सारखीच असतात. म्हणून स्वतःच निष्कर्ष काढू नये.

• थकवा आणि निरुत्साह : रक्त कमी असणे, थायरॉईडचा विकार, साखर खूप वाढणे किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही असे होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन ही गोळी अनेक वर्षे घेणाऱ्यांत बी-१२ कमी झालेले आढळू शकते. या तपासण्यांबाबत डॉक्टरांना विचारावे.

• धडधड, घाम, हातपाय कापणे : ही भीतीची लक्षणे असू शकतात. परंतु इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांत साखर एकदम उतरली तरी नेमके असेच होते. उपाशीपोटी औत हाकताना किंवा फवारणी करताना असे झाल्यास काम तत्काळ थांबवावे आणि तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा तेवढीच घ्यावी, नंतर काही खावे. रुग्ण शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्यावे.

• छातीत दुखणे, दम लागणे : हे "टेन्शनमुळे" आहे असे घरी ठरवू नये. आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी.

• सांधेदुखीवर दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या : काहींत स्टेरॉइड असते. त्याने साखर वाढते, झोप बिघडते आणि मनःस्थितीही बदलते. इतर वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आपल्याच डॉक्टरांना काय सांगावे?

मनाच्या तक्रारीसाठी थेट मोठ्या शहरात जावे लागते, हा गैरसमज आहे. साध्या उदासीनतेचा आणि चिंतेचा उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा गावातील नेहमीच्या डॉक्टरांकडे सुरू होऊ शकतो. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ मध्ये सुरू झाला, तो याच हेतूने. आपल्या डॉक्टरांना आपला जुना आजार, चालू गोळ्या आणि घरची परिस्थिती ठाऊक असते. ही मोठी जमेची बाजू आहे.

अडचण एवढीच की दवाखान्यात गर्दी असते आणि रुग्णाच्या वाट्याला थोडी मिनिटे येतात. म्हणून बोलणे शेवटी, दारातून बाहेर पडताना करू नये, सुरुवातीलाच करावे. पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात :

१) "महिन्याभरापासून झोप नाही आणि कशातच मन लागत नाही."
२) "गेल्या आठवड्यात इतक्या वेळा गोळी राहिली." येथे संकोच करू नये. गोळी घेत नसताना "घेतो" असे सांगितले, तर डॉक्टर मात्रा वाढवतील. पुढे सर्व गोळ्या एकदम घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.
३) दारू, तंबाखू किती आणि कधीपासून.
४) इतर सर्व औषधे. यात वैदूची पुडी आणि दुकानातून परस्पर आणलेली गोळीही आली. शक्यतो रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.
५) जीव नकोसा वाटण्याचा विचार मनात येत असेल तर तोही. असे सांगणे हा कमकुवतपणा नाही.

सोबत घरातील एक विश्वासू माणूस न्यावा.

उपचार कसे असतात?

सौम्य आजारात समुपदेशन आणि दिनक्रमातील बदल यांनी पुष्कळ फरक पडतो. मध्यम किंवा तीव्र आजारात त्याबरोबर गोळ्या द्याव्या लागतात.

समुपदेशन म्हणजे उपदेश नव्हे. गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासंबंधी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉक्टर नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी उदासीनतेच्या रुग्णांशी ६ ते ८ बैठका घेतल्या. रुग्णाने सोडून दिलेली छोटी-छोटी कामे ठरवून पुन्हा सुरू करणे, हा त्यातील मुख्य भाग होता. तीन महिन्यांनी अशा १०० रुग्णांपैकी ६४ जण आजारातून बाहेर आलेले आढळले. केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १०० पैकी ३९ होते.

मधुमेह आणि उदासीनता दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांचा अभ्यास दिल्ली, चेन्नई, बेंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील चार दवाखान्यांत झाला. तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. एक सेवक रुग्णाचा नियमित पाठपुरावा करी, साखर व रक्तदाबाबरोबर मनाचीही चौकशी करी आणि तज्ज्ञ डॉक्टर वेळोवेळी आढावा घेत. दोन वर्षांनी उदासीनता निम्म्याने उतरून साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी किमान एक सुधारले, अशा रुग्णांचे प्रमाण या गटात १०० मागे सुमारे ७२ होते. नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात ते सुमारे ५७ होते. दोन्ही आजारांकडे एकत्र पाहिल्यास फायदा होतो, हे यावरून स्पष्ट होते.

आपल्या विदर्भातही असे काम झाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन माहिती दिली, ऐकून घेतले आणि गरजूंना डॉक्टरांपर्यंत नेले. दीड वर्षात उदासीनतेवर उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण १०० पैकी ४ वरून २७ वर गेले. उपचार उपलब्ध असतात. पहिले पाऊल उचलायला सोबत लागते, हा यातील धडा आहे.

घरी पाळावयाची पथ्ये

१) दिवसातील एक छोटे काम ठरवावे. बांधावर एक फेरी, परसातील भाजीला पाणी, शेजाऱ्याकडे पंधरा मिनिटे बसणे असे काहीही चालेल. इच्छा होण्याची वाट पाहू नये. वेळ झाली की उठावे. मन बहुधा मागाहून येते.

२) रोज ३० मिनिटे वेगाने चालावे. शेतातील काम कष्टाचे असले तरी चालण्याचा वेगळा उपयोग आहे. पायाला मुंग्या किंवा बधिरता असल्यास अनवाणी चालू नये.

३) झोपेची आणि उठण्याची वेळ ठरावीक ठेवावी. दुपारनंतर चहा कमी करावा. झोपेसाठी दारू घेऊ नये. तिने झोप लागल्यासारखी वाटते, पण पहाटे मोडते. मधुमेहाच्या औषधांबरोबर साखरही धोकादायकरीत्या उतरू शकते.

४) गोळ्यांची वेळ रोजच्या कामाला जोडावी, जसे सकाळी धार काढल्यावर आणि रात्रीच्या जेवणानंतर. जेवणाआधी की नंतर, हे मात्र डॉक्टरांना विचारून ठरवावे.

५) पेरणी किंवा वेचणीच्या घाईत तपासणी हमखास चुकते. म्हणून हंगामापूर्वीच तपासणी उरकून महिन्याभराची औषधे घरात आणून ठेवावीत.

चार रकान्यांची नोंदवही

खताची आणि फवारणीची नोंद आपण ठेवता, तशीच स्वतःची ठेवावी. वहीच्या पानावर तारखेपुढे चार रकाने आखावेत : (१) साखर किंवा रक्तदाब, तपासल्या दिवशी, (२) गोळी घेतली की राहिली, (३) झोप किती तास, (४) मन कसे होते – बरे, मध्यम की वाईट. रोज एक मिनिट पुरते. महिनाभराने साखर कोणत्या आठवड्यात चढली आणि त्या आठवड्यात झोपेचे व मनाचे काय झाले होते, हे डोळ्यांना दिसते. ही वही डॉक्टरांपुढे ठेवल्यास त्यांचाही वेळ वाचतो आणि उपचार नेमका होतो.

घरच्यांनी काय करावे?

"मनाला लावून घेऊ नका", "बाकीच्यांवरही वेळ येतेच ना" असे म्हणून विषय संपवू नये. जवळ बसावे, पूर्ण ऐकून घ्यावे. पथ्यावरून चारचौघांत टोचून बोलू नये. एकासाठी वेगळे शिजवण्यापेक्षा तेल, मीठ, साखर घरातील सर्वांसाठीच कमी करावी. कर्जाची किंवा जमिनीची अडचण असल्यास बँक, सोसायटी, तलाठी कार्यालय येथे सोबत जावे. अडचण खरी असताना नुसत्या गोळीने मन हलके होत नाही. आणि मन खचलेले असताना अडचण सोडवण्याचे बळही येत नाही. म्हणून दोन्ही कामे बरोबरीने करावीत.

ही लक्षणे दिसल्यास वेळ दवडू नये

"माझा तुम्हाला भार झाला", "आता सुटका हवी" असे बोलणे, व्यवहार एकाएकी निरवानिरव करणे, माणसांत येणे बंद करणे, औषधे मुद्दाम थांबवणे ही धोक्याची चिन्हे आहेत. अशा वेळी,

• माणसाला एकटे सोडू नये. जीव देण्याचा विचार येतो का, असे सरळ आणि मायेने विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जात नाही, उलट मनावरचे ओझे हलके होते.
• कीटकनाशके, तणनाशके राहत्या घरात ठेवू नयेत. वेगळ्या जागी कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे द्यावी. औषधांचा साठाही घरच्या माणसाने स्वतःकडे ठेवावा.
• १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर फोन करावा. ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून असून ती २४ तास चालते. मराठीतून बोलता येते.
• प्रसंग तातडीचा असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांच्या भीतीने रुग्ण लपवून ठेवू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र मानसिक ताण असल्याचे गृहीत धरले असून तिची काळजी व उपचार ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे.

शंका-समाधान

शंका : मनाच्या गोळ्यांची सवय लागते का?
समाधान : उदासीनतेवरील गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. परंतु त्या एकाएकी बंद केल्यास त्रास होतो, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्यात. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या परस्पर दुकानातून आणून घेऊ नयेत.

शंका : आठ दिवस गोळी घेतली, फरक नाही. बंद करावी का?
समाधान : नाही. या गोळ्यांचा गुण येण्यास सहसा दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतात. बरे वाटल्यानंतरही साधारण सहा महिने त्या चालू ठेवाव्या लागतात. सुरुवातीला मळमळ किंवा अस्वस्थता वाटल्यास, अथवा मनात वाईट विचार वाढल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे.

शंका : मन बरे झाले की शुगरची गोळी सुटेल का?
समाधान : तसे गृहीत धरू नये. आटोक्यात येणे सोपे होते. गोळी कमी करायची की नाही, हे तपासणीनंतर डॉक्टर ठरवतील.

शंका : डॉक्टरांना सांगितले तर येरवड्याला पाठवतील का?
समाधान : नाही. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालये प्रामुख्याने तीव्र आजारासाठी आहेत. उदासीनतेच्या बहुसंख्य रुग्णांना दाखल व्हावे लागत नाही. ते घरी राहून, काम करीत बरे होतात. गरज पडल्यास डॉक्टर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाकडे चिठ्ठी देतात.

थोडक्यात सांगायचे तर, जुनाट आजार आटोक्यात येत नसेल तेव्हा मात्रा वाढवण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : गोळी पोटात जाते आहे का, आणि मन जागेवर आहे का. पुढच्या वेळी साखर किंवा रक्तदाब तपासायला जाल, तेव्हा वर दिलेले दोन प्रश्न आदल्या रात्रीच सोडवून न्यावेत. गुण ३ किंवा अधिक असतील, तर खुर्चीवर बसताच तो आकडा डॉक्टरांना सांगावा. घरात दुसरे कोणी रोज गोळी घेत असेल, तर त्यांनाही आज रात्री जेवणानंतर हेच दोन प्रश्न विचारावेत.